कोणाच्या हातची कॉफी?

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा चार दिवसांच्या रजेवर पुण्याहून चंद्रपूरला आला. तो पुण्यात एका कॉफीच्या दुकानात यंत्रावर कामाला आहे. या कामाला तिकडे 'बरिस्टा' म्हणतात. आमच्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, हा शब्द काही वळत नाही. "माझा मुलगा पुण्यात कॉफी करतो," असे ती शेजारणींना सांगते आणि शेजारणी नुसते "हो का" म्हणून गप्प बसतात. मुलगा तलाठी किंवा इंजिनिअर असता तर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते, हे आम्हाला कळते.

या वेळी तो एक बेत घेऊन आला होता. चंद्रपुरात स्वतःचे लहानसे कॉफीचे दुकान टाकायचे. आम्ही बी. कॉम. झालेले, वीस वर्षे कारकुनी केलेले, वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि कर्जाचे अर्ज भरून देणारे. म्हणून त्याने सगळा हिशेब आमच्यापुढे मांडला. कॉफीचे यंत्र, बिया दळण्याचे यंत्र, जागेचे भाडे, दूध, वीज, एक मदतनीस. हिशेब चोख होता. पण एका ओळीवर आमचे पेन थांबले. दुकानाच्या पाटीवर त्याने आपले आडनाव आणि पुढे 'कॉफी' असे नाव धरले होते.

आम्ही म्हणालो, "बाळा, आडनाव कशाला? एखादे गोडसे नाव ठेव. शेवटी धंदा आहे."

तो काही बोलला नाही. आम्हाला काय म्हणायचे होते ते त्याला कळले होते.

वाचकहो, भीमजयंतीच्या व्यासपीठावरून आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो की आपले नाव, आपली ओळख लपवू नका. त्याच तोंडाने घरात बसून हा सल्ला दिला. पुढे दोनच दिवसांत आम्हाला तो मागे घ्यावा लागला. कसा, ते सांगण्यासाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

चामोर्शीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जांबाबत मुलांना माहिती द्यायला आम्ही जाणार होतो. भाचा म्हणाला, "मामा, मी पण येतो. मार्कंड्याची शिल्पे पाहायची आहेत. पुण्यात गिऱ्हाईक मला फोटो दाखवतात आणि विचारतात, तुझ्याच भागातले ना हे? मी मात्र पाहिलेलेच नाही." ठरले. निघताना त्याने आणखी एक प्रश्न केला, "वाटेत चांगली एस्प्रेसो कुठे मिळेल?"

आम्हाला हसू आले. आपल्याकडे एस्प्रेसो म्हणजे लग्नातली कॉफी. मांडवाच्या कोपऱ्यात चकचकीत यंत्र, त्याची ती सुंईऽऽ करणारी शिट्टी, पेल्यात फेसाळ गोड दूध आणि वरून चिमूटभर तपकिरी भुकटी. लहानपणी त्या यंत्रापुढे आम्ही तीन-तीनदा रांग लावली आहे. भाच्याने समजावले की ती वाफेवर फेसाळलेली दुधाची कॉफी. चवीला वाईट नाही, पण ती एस्प्रेसो नव्हे.

खरी एस्प्रेसो इटलीची. तुरिन शहरातल्या अँजेलो मोरिओंदो यांनी 1884 साली वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1901 साली मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक कप काढणारे यंत्र केले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जा यांच्या दांड्याच्या यंत्राने पाण्याचा दाब खूप वाढला आणि कपावर सोनेरी साय धरू लागली. आजचा सर्वसाधारण रिवाज असा: बारीक दळलेली 18 ग्रॅम कॉफी दाबून बसवायची, हवेच्या दाबाच्या नऊपट दाबाने तिच्यातून गरम पाणी ढकलायचे आणि 25 ते 30 सेकंदांत सुमारे 36 ग्रॅम कॉफी खाली उतरवायची. एवढीच. दोन-तीन घोटांत संपते.

चंद्रपुरात आता अशी यंत्रे असलेली दुकाने झाली आहेत. मूलच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही दोन ठिकाणी चव घेतली. पहिल्या ठिकाणी यंत्र मोठे होते, खुर्च्या गुबगुबीत होत्या, भिंतीवर दिव्यांची अक्षरे होती. कॉफी मात्र मिनिटभर ठिबकत राहिली. घोट घेतला तो कडुनिंबाचा काढा! भाचा हळूच म्हणाला, "दळण फार बारीक आहे, पाणी अडकून बसते. आणि वाफेची नळी पाहा, कालचे दूध तिच्यावर वाळले आहे." आम्ही नव्वद रुपये देऊन बाहेर आलो.

दुसरे दुकान लहान होते. यंत्रावरचा मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, वीस-एकवीस वर्षांचा. यंत्र विकणाऱ्याने त्याला एक दिवस शिकवले होते, तेवढ्यावर त्याचे चालले होते. त्याची कॉफी दहा सेकंदांतच भसकन उतरली आणि आंबट लागली. भाच्याने आपली ओळख दिली आणि "हात लावू का?" म्हणून विचारले. मुलगा खुशीने बाजूला झाला. भाच्याने दळण थोडे बारीक केले, एकदा काढून फेकले, पुन्हा थोडे बदलले. तिसऱ्या खेपेला कॉफी उंदराच्या शेपटीएवढ्या बारीक धारेने उतरली. चिंचेच्या कोळासारखा तिचा रंग. आधी कडू, मग जिभेवर भाजलेल्या शेंगदाण्याची आणि काकवीची चव मागे राहिली. वयाच्या पंचेचाळिशीत आम्ही पहिल्यांदा खरी एस्प्रेसो प्यालो, आणि तीही आपल्या भाच्याच्या हातची. त्या मुलाने सगळे आकडे वहीत उतरवून घेतले.

गाडीत भाच्याने आम्हाला चार खुणा सांगितल्या. प्रवासात कोणाला उपयोगी पडतील म्हणून देतो. कॉफी गिऱ्हाईकासमोर ताजी दळतात का ते पाहावे. वाफेची नळी दर वेळी फडक्याने पुसतात का ते पाहावे. बिया कधी भाजल्या हे विचारावे. महिन्याच्या आतल्या असल्या तर उत्तम. आणि कॉफी उतरायला किती वेळ लागतो ते मनात मोजावे. दुकान दिसायला कसे आहे हे मात्र बघू नये. आम्ही म्हणालो, शेवटची खूण माणसांनाही लागू आहे.

त्याने आणखी एक सांगितले. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली आहे. म्हणजे कर्नाटक-केरळातल्या मजुरांनी तोडलेली फळे इटलीत जाऊन एस्प्रेसो होतात. आपल्या विदर्भातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. त्यातलीच पावभर पूड त्याने सोबत घेतली होती.

मूलच्या बसस्थानकाजवळ चहाला उतरलो. तिथे एस्प्रेसो कुठली? पण चाय फक्कड होती, आल्याची, काचेच्या पेल्यात. भाचा बाकावर बसून मजेत चाय पीत होता आणि आम्हाला आमचे आजोबा आठवले.

आजोबा याच मूल भागात शेतमजुरीला येत. त्या काळी एका गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असे. कान तुटलेली, छपराच्या वाशात खोचून ठेवलेली. आपणच ती काढायची, आपणच विसळायची आणि अंगणात उकिडवे बसून पुढे धरायची. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झाले की पुन्हा विसळून वाशात खोचायची. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत आजोबा होते. परत आल्यावर ते त्या हॉटेलापुढून कितीदा गेले, पण त्यांनी ती कपबशी पुन्हा हातात घेतली नाही. हॉटेलवाल्याने हाक मारली तरी नाही. चहाची त्यांना फार आवड, पण पुढे कित्येक वर्षे त्यांनी बाहेर चहा घेतलाच नाही. घरी येऊन आजीला म्हणत, "टाक वो, घोटभर चाय टाक." ही गोष्ट आमच्या वडिलांनी आम्हाला सांगितली, ती आम्ही भाच्याला सांगितली.

त्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "मामा, मग आता तर सगळ्यांना एकच पेला आहे. तरी तुम्ही मला आडनाव लावू नको का म्हणता?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. गाडी सुटल्यावर विचार करीत बसलो.

कायद्याने आपल्याला पुष्कळ दिले. घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. 15 व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जाताना जातीवरून कोणाला अडवता येणार नाही असे ठरवले. 1955 साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. त्यालाच 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे हॉटेलवाल्याने आपल्याला इतरांसारखाच कप दिला पाहिजे, हे कायद्याने झाले. पण आपण हॉटेल काढले तर गिऱ्हाइकाने आपल्या हातचे प्यावे, ही सक्ती कोणता कायदा करणार? गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या दुकानात जाते. त्याची नोंद कुठल्या ठाण्यात होत नाही. आमच्या मनातली भीती हीच होती.

ही भीती जुनी आहे आणि तिला दिलेले उत्तरही जुने आहे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ते शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला बळ दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक हॉटेल' काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले. सोबतच्या बड्या मंडळींसमोर गंगारामांच्या हातचा चहा प्यायचे आणि मंडळींनाही पाजायचे. 1922 साली महाराज वारले, त्याच्या थोड्याच वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपण तिच्यात महाराजांचा मोठेपणा पाहतो आणि तो आहेच. पण ज्या दिवशी महाराजांची गाडी येत नसेल त्या दिवशीही गंगारामांनी चूल पेटवली असेल, दूध तापवले असेल, कप मांडून वाट पाहिली असेल. ते धैर्य त्यांचे स्वतःचे होते. ते आम्ही आजवर नीट ध्यानात घेतले नव्हते.

मूलहून पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. 1982 पर्यंत हे सारे एकाच जिल्ह्यात होते. चामोर्शीचे काम आटोपून दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोने मार्कंड्याला गेलो. इथे दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा उत्तरेला वळण घेते. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आम्ही पूजेला गेलो नव्हतो, दगडातले काम पाहायला गेलो होतो. विदर्भाचे खजुराहो म्हणतात ते उगीच नाही. भाचा प्रत्येक मूर्तीपुढे थांबून म्हणायचा, "मामा, हे घडवणाऱ्याचे नाव कुठेच नाही हो."

थंडी होती. वाटेवरच्या एका चहाच्या टपरीवर थांबलो. पन्नाशीची बाई एकटीच चालवीत होती. कॉफीची पुडी होती तिच्याकडे, दुधात टाकून द्यायची. भाच्याने पिशवीतून ॲल्युमिनियमचे एक अष्टकोनी भांडे काढले. इटलीत 1933 साली ही भांडी निघाली आणि पुढे घरोघरी पोचली. खाली पाणी, मध्ये पूड आणि वर कॉफी जमते. वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलते. दाब यंत्राच्या मानाने फारच कमी, म्हणून ही एस्प्रेसो नव्हे, तिची गरीब बहीण, असे तो म्हणतो. "मावशी, तुमच्या शेगडीवर ठेवू का? गॅसचे पैसे देतो," त्याने विचारले. बाई म्हणाली, "ठेव ना रे बाबू, पैसे कायले?"

पाच मिनिटांत भांडे गुरगुरले आणि सगळीकडे वास सुटला. बाकावर गावातले तीन-चार जण बसले होते. भाच्याने टपरीतलेच लहान पेले घेऊन सर्वांना थोडी थोडी ओतली, वर गरम पाणी घातले. एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला पांढरा रुमाल, पेला हातात घेऊन म्हणाले, "कोन्या गावचे जी तुमी?"

"चंद्रपूरचे."

"आडनाव का हाये?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घर भाड्याने घेताना, गाडीत शेजारी बसताना, मुलीच्या वर्गात तो येतोच. कोण कशासाठी विचारतो ते आवाजावरून कळते, आणि कधी कधी कळत नाही. आम्ही विषय बदलायला तोंड उघडले होते. तेवढ्यात भाच्याने पेले भरता भरता सरळ आपले आडनाव सांगितले आणि हसून म्हणाला, "जय भीम, आजोबा. गरम आहे तोवर घ्या."

क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर एका तरुणाने "जय भीम" म्हटले आणि पेला तोंडाला लावला. दुसऱ्याने लावला. म्हाताऱ्या गृहस्थांनी एक घोट घेतला की नुसता ओठ टेकवला, ते आम्हाला दिसले नाही. "लय कडू हाये जी," म्हणून त्यांनी पेला बाकावर ठेवला आणि विडी पेटवली.

कॉफी कडू लागली की आडनाव कडू लागले? आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आमचे चित्त तिथेच अडकले. भाच्याने मात्र तो पेला उचलला, त्यात दोन चमचे साखर आणि बाईकडचे गरम दूध घातले, ढवळले आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "पुण्यात पण निम्म्या लोकांना कडूच लागते, आजोबा. आता पाहा." आणि तो आपल्या कामाला लागला. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

विडी संपल्यावर त्यांनी पेला घेतला. हळूहळू सगळा प्यायले. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. उठताना भाच्याला विचारले, "दुकान हाये का तुजा?" तो म्हणाला, "काढणार आहे, चंद्रपूरला." ते मान हलवून निघून गेले. त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही आपला पेला विसळायला उठलो. जुनी सवय, आजोबांपासून घरात आलेली. बाई म्हणाली, "राहू द्या जी, मी धुतो." तिने सगळे पेले एकाच घमेल्यात टाकले. त्यांचा, आमचा, त्या तरुणांचा, तिचा स्वतःचा. एकाच पाण्यात धुतले आणि फळीवर एका ओळीत पालथे घातले. कोणता कोणाचा ते आता सांगता आले नसते. मग तिने भाच्याला विचारले, "हा भांडा केवढ्याचा हाये रे बाबू? जत्रेत चालन का?" त्याने तिला किंमत सांगितली आणि किती पेल्यांत ती वसूल होईल तेही सांगितले.

परतीच्या गाडीत आम्ही त्याची वही मागून घेतली. पाटीच्या ओळीवर आम्ही काट मारली होती. त्या काटेखाली आम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा ते आडनाव लिहिले आणि पुढे 'कॉफी'. भाचा पाहत होता. म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक कमी आले तर?" आम्ही म्हणालो, "पहिले सहा महिने कमी येतील असे धरूनच हिशेब करू. भाड्याची तजवीज आधी करू." भीती खोटी नव्हती, म्हणून ती आम्ही हिशेबात धरली. तिच्यापायी नाव काढून टाकणे मात्र आम्हाला आता पटत नाही.

आता कागदपत्रे जमवीत आहोत. मागासवर्गीयांच्या धंद्यांना मदत करण्यासाठी 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले महामंडळ आहे, बँका आहेत. खेटे घालावे लागतील, ते आम्ही घालू. आणखी एक उदाहरण भाच्याला वाचायला दिले आहे. 1957 च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनी ए. के. गोपालन यांच्या साथीने सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतली. कप उचलणारे हात मालक झाले. भाचा म्हणतो, दुकान चालले तर दुसऱ्या दुकानातल्या त्या वही लिहिणाऱ्या मुलाला बोलावून घेईन, पण नोकर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून.

परवा आमची बहीण शेजारणीला सांगत होती, "माझा मुलगा कॉफी करतो. चंद्रपूरला दुकान काढतो आहे, आमच्या नावाचे." शेजारणीने या वेळी दोन प्रश्न विचारले. दुकान कुठे, आणि कधी उघडणार?

दुकान उघडले की वाचकांनी जरूर यावे. कडू लागली तर साखर मिळेल.